जुनी गाडी विकताना चासी नंबर कुणाला, कधी आणि किती दाखवला

ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५ या अडीच महिन्यांत मी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक पुण्यात, मध्ये डीलर न घालता, ऑनलाइन जाहिरात देऊन विकली. किंमत ठरवणं, घासाघीस करणं यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती ती कागदपत्रांची. अनोळखी माणूस फोनवर आरसीचा फोटो मागतो, चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा ओळखक्रमांक) मागतो, तेव्हा द्यायचा की नाही? न दिला तर खरा गिऱ्हाईक निघून जाईल, आणि दिला तर त्याचं पुढे काय होईल? हे कळेपर्यंत मला बरंच वाचावं आणि विचारावं लागलं, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतो आहे.

२ ऑगस्ट : आधी स्वतःची नोंद तपासली

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला आणि दोन गोष्टी समोर आल्या. कर्ज २०२२ मध्येच फिटलं होतं, पण बँकेचा बोजा नोंदीवर तसाच होता. आणि नोंदीवरचा मोबाइल नंबर मी केव्हाच बंद केला होता. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना ओटीपी नोंदीतल्याच मोबाइलवर येतो. त्यामुळे हे आधी उरकलं नाही तर ऐन वेळी सगळं अडतं.

मोबाइल नंबर बदलण्याच्या पानावर माहिती मागितली ती अशी: गाडीचा नंबर, पूर्ण चासी नंबर, पूर्ण इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि नोंदणीची मुदत. ही पाचही उत्तरं आरसीवर छापलेली असतात. मी ती आरसी हातात धरूनच भरली, आणि भरता भरता पोटात गोळा आला. आरसीच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेही ही पाच उत्तरं आहेत. पुढची सगळी खबरदारी मी या एका गोष्टीवरून ठरवली.

चासी नंबर म्हणजे एटीएमचा पिन नव्हे. तो पत्र्यावर ठोकलेला असतो, काही गाड्यांत पुढच्या काचेतून बाहेरूनही वाचता येतो. सर्व्हिस सेंटर, विमा कंपनी, बँक, आरटीओ, सगळ्यांकडे तो असतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी सेवा गाडीच्या नंबरासोबत त्याचे शेवटचे आकडे विचारून ‘मालक तूच ना?’ याची खात्री करतात. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बुक करताना चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात. महाराष्ट्राच्या ई-चलन संकेतस्थळावर शेवटचे चार. म्हणजे शेवटचे पाच आकडे गाडीच्या नंबरासोबत एकत्र गेले, की ती अर्धी किल्ली होते.

४ ते २५ ऑगस्ट : नंबरप्लेट, बोजा आणि एक चुकलेलं अक्षर

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची आहे, आणि ती नसेल तर हस्तांतर किंवा बोजा उतरवणं ही आरटीओची कामं अडतात. ४ तारखेला बुकिंग केलं. चारचाकीचे ७४५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८७९ रुपये झाले. तारीख मिळाली १९ ऑगस्टची. प्लेट बसल्यावर पुढच्या काचेच्या आत एक स्टिकर लावतात, त्यावर इंजिन आणि चासी नंबर छापलेले असतात. जाहिरातीच्या फोटोंबद्दल पुढे लिहिलं आहे, तेव्हा हा स्टिकर लक्षात ठेवा.

बोजा उतरवायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्यासह फॉर्म ३५च्या दोन प्रती लागतात. माझ्याकडे २०२२चं पत्र होतं, पण त्यावरच तीन महिन्यांची मुदत लिहिली होती. ५ ऑगस्टला शाखेत अर्ज दिला, नवं पत्र १४ तारखेला हातात आलं. नऊ दिवस. पत्रावरचा चासी नंबर तिथेच काउंटरवर आरसीशी ताडून पाहिला. चूक घरी आल्यावर लक्षात आली तर पुन्हा नऊ दिवस जातात. प्लेट बसल्यावर २० तारखेला बोजा उतरवण्याचा ऑनलाइन अर्ज केला, १ सप्टेंबरला नोंद स्वच्छ झाली. कर्ज फिटल्यावर बँक हे आपोआप करते असं अनेकांना वाटतं. मलाही वाटत होतं. फेडीच्या आठवड्यातच हे करून टाका.

दरम्यान चासी नंबर चार ठिकाणी जुळतो का ते पाहिलं: गाडीवर, आरसीवर, पोर्टलवर आणि विमा पॉलिसीत. गाडीवरचा नंबर शोधायला अर्धा तास गेला. काही गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर इंजिनमागच्या पत्र्यावर दिसतो. या गाडीत पुढच्या डाव्या सीटखाली कार्पेटला कापलेली झडप होती, ती उचलल्यावर दिसला. धूळ आणि चिकट थर बसला होता. रॉकेलचा बोळा फिरवून कोरड्या फडक्याने पुसला. इथे सँडपेपर किंवा पत्र्याची घासणी अजिबात लावू नका. अक्षरांभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या की गिऱ्हाइकाला, आणि तपासणीला आलेल्या निरीक्षकालाही, नंबर खाडाखोड केल्याचा संशय येतो. गंज असेल तर पुसून तेलाचा हलका हात द्यायचा, एवढंच. इंजिन नंबर ब्लॉकवर, वाकून पाहिल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी असतो. फोन आत धरून फ्लॅश लावून तीन-चार फोटो काढले, त्यातला एक वाचता आला.

चासी नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. पहिल्या तीन अक्षरांवरून कंपनी कळते: मारुतीच्या गाड्यांना एमए३, टाटाच्या एमएटी, ह्युंदाईच्या एमएएल. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तेव्हा कुठल्याही कागदावर चासी नंबरात ‘ओ’ दिसला, तर ती टायपिंगची चूक आहे आणि तिथे शून्य हवा. बी आणि आठ, एस आणि पाच, झेड आणि दोन यांचा घोळ मात्र नजरेने सहज निसटतो. माझ्या पॉलिसीत नेमकं तेच झालं होतं: आठच्या जागी बी. आठ वर्षं दरवर्षी तीच चूक पुढच्या पॉलिसीत उतरत आली होती, आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं. दावा करायची वेळ आली असती तर सर्व्हेअरने नंबर जुळत नाही म्हणून कागद अडवला असता. २१ तारखेला विमा कंपनीला आरसीची प्रत आणि गाडीवरच्या नंबराचा फोटो मेल केला, २५ तारखेला दुरुस्तीचं पत्रक आलं. पैसे लागले नाहीत. नंबर तपासताना एकाने अक्षर-अक्षर मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून पाहावं. एकट्याने पाहिलं की डोळा जे असायला हवं तेच वाचतो.

८ सप्टेंबर : जाहिरात

वेळ काही फार चांगली नव्हती. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर झालं होतं, तो २२ पासून लागू होणार होता, आणि फोन करणारा प्रत्येक जण ‘आता नवीच स्वस्त होतेय’ इथून सुरुवात करायचा. त्यात पितृपक्ष लागलेला. पण पितृपक्षात लोक बघून ठेवतात आणि घटस्थापनेला किंवा दसऱ्याला गाडी घरी नेतात. त्यामुळे जाहिरात देऊन टाकली.

फोटोंमध्ये झाकलेल्या गोष्टी: नंबरप्लेट, काचेवरचा तो स्टिकर, फास्टॅगचा बारकोड, डॅशबोर्डवर राहिलेली पार्किंगची चिठ्ठी. झाकताना फोनमधला धूसर करणारा ब्रश वापरू नका, हलका फिरला तर आकडे ओळखू येतात. सरळ गडद चौकोन टाकायचा. फोटो घराच्या फाटकासमोर न काढता मैदानाजवळ काढले, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली जागेची नोंद आधीच बंद केली.

मजकुरात लिहिलं: उत्पादनाचा महिना आणि वर्ष, नोंदणीचा महिना आणि वर्ष, एमएच १२, पहिला मालक, किलोमीटर, बोजा नाही, विम्याची मुदत, पीयूसीची मुदत, कुठला भाग बदलला आणि कुठे रंग मारला. शिवाय एक ओळ: ‘चासी नंबर गाडी बघायला आल्यावर गाडीवरच दाखवला जाईल, कागद आणि गाडी जुळवून बघा.’ या ओळीचा मोठा उपयोग झाला. लपवाछपवी नाही हेही कळतं, आणि नुसता नंबर हवा असलेले दूर राहतात.

उत्पादन आणि नोंदणी ही दोन्ही वर्षं लिहायचीच. ही गाडी डिसेंबर २०१६ मध्ये बनलेली, फेब्रुवारी २०१७ मध्ये नोंदलेली. जाहिरातीत फक्त २०१७ लिहिलं असतं तर आरसी बघताच गिऱ्हाइकाने पुढच्या सगळ्या बोलण्यावर अविश्वास दाखवला असता, आणि ते बरोबरच झालं असतं.

पहिला आठवडा : कोण काय मागतो

तीन तऱ्हेच्या मागण्या आल्या.

एक, गाडीचा नंबर. हा फोनवर पाच मिनिटं नीट बोलणं झाल्यावर दिला. नंबरावरून एम-परिवहन या सरकारी अॅपवर नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि नोंदणीची मुदत अशी माहिती दिसते, मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं. गाडी रस्त्यावर फिरते तेव्हा नंबर सगळे बघतातच. खऱ्या गिऱ्हाइकाला पुण्यातून किंवा बाहेरून खेप घालण्याआधी एवढं तपासायचा हक्क आहे.

दोन, आरसीच्या दोन्ही बाजू आणि आधार, तेही गाडी न बघताच. सैन्यात आहे, बदली झाली, वेळ नाही, ताबडतोब पैसे टाकतो. ही फसवणुकीची जुनी रीत आहे, आणि तिच्यात दोन धोके असतात. एक म्हणजे तुमच्या आरसीचा आणि गाडीचा फोटो वापरून तुमचीच गाडी तिसऱ्याला स्वस्तात ‘विकून’ त्याच्याकडून आगाऊ रक्कम उकळतात, आणि तो माणूस तुमच्या दारात उभा राहतो. दुसरं म्हणजे क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ सांगतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत. अशांना माझं एकच उत्तर होतं, ‘गाडी बघायला या, सगळे कागद समोर आहेत.’ बहुतेक तिथेच थांबले.

तीन, एका लिंकवर जाऊन चासी नंबर टाका, थोडे पैसे कार्डाने भरा आणि ‘गाडीचा इतिहास अहवाल’ पाठवा, अशी मागणी. असा अहवाल ज्याला हवा त्याने आपल्या पैशाने काढावा. मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा छापील तपशील आणून ठेवला होता, तो गाडीपाशी दाखवत होतो.

१४ सप्टेंबर, रविवार : गाडी बघणं

एक जोडपं मेकॅनिकला घेऊन आलं. मेकॅनिकने आधी सीटखालची झडप उचलली. चांगला मेकॅनिक काय बघतो ते त्याच्याकडून कळलं: अक्षरांची खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, आजूबाजूला ताजा रंग किंवा वेल्डिंगचा सांधा आहे का. मग दरवाजाच्या खांबावरची कंपनीची पट्टी, मग इंजिन. तिन्ही ठिकाणं आरसीशी जुळवली. मूळ आरसी त्यांच्या हातात दिली, फोटो काढू दिला नाही. पूर्ण चासी आणि इंजिन नंबर मात्र त्यांना वहीत लिहून घेऊ दिले. त्यांना ते का हवे होते हे त्यांनी सांगितलं, आणि कारण रास्त होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन नोंदीत गाडी चोरीची किंवा गुन्ह्यात अडकलेली आहे का हे गाडी, चासी आणि इंजिन या तीन नंबरांवरून तपासता येतं. घेणाऱ्याने हे करावंच. विकणाऱ्याने अडवू नये. समोरासमोर भेटलेल्या, परवाना दाखवलेल्या माणसाला नंबर देणं आणि रात्री अकराला संदेश पाठवणाऱ्याला देणं, यात फरक आहे.

चक्कर मारायला गाडी देण्यापूर्वी त्यांच्या परवान्याचा फोटो मी घेतला. त्यांनी आनंदाने दिला.

दुसऱ्या दिवशी विसार म्हणून ११,००० रुपये बँकेतून आले. खात्यावरचं नाव आणि परवान्यावरचं नाव एकच आहे हे बघूनच आरसीची प्रत पाठवली. तिच्यावर आडवं मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘फक्त या गाडीच्या हस्तांतरासाठी’, पुढे तारीख आणि घेणाऱ्याचं नाव. ओळ चासी नंबरावरून जाईल पण आकडे वाचता येतील अशी. आधारची प्रत मास्क केलेली, म्हणजे शेवटचे चार आकडेच दिसणारी, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली.

२२ सप्टेंबर, घटस्थापना : ताबा

उरलेली रक्कम सकाळी खात्यात जमा झाली. बँकेचा संदेश पुरेसा मानू नका, अॅप उघडून शिल्लक बघा. मग सह्या.

फॉर्म २९च्या (गाडी विकल्याची आरटीओला सूचना) दोन प्रती, फॉर्म ३० (गाडी नावावर करण्याचा अर्ज). कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, एजंट कितीही ‘मी भरतो नंतर’ म्हणाला तरी. तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, चासी आणि इंजिन नंबर भरल्यावरच सही. चासी प्रिंटही तिथेच काढून दिला: पातळ कागद नंबरावर चिकटपट्टीने ताणून लावायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. जोर दिला तर कागद फाटतो आणि कागद हलला तर अक्षरं दुहेरी उमटतात. दोन जास्तीच्या काढून द्या, एक बहुधा खराब होतेच.

५०० रुपयांच्या मुद्रांकावर विक्री करार आणि ताबा पावती केली. महाराष्ट्रात १०० रुपयांचा मुद्रांक आता अशा कामाला चालत नाही. पावतीवर तारखेइतकीच वेळ महत्त्वाची. ‘दुपारी १२ वाजून २० मिनिटे, ओडोमीटर इतके किलोमीटर’ असं लिहिलं. त्याच दिवशी चार वाजता कुणी सिग्नल तोडला तर चलन कुणाचं, याचं उत्तर त्या एका ओळीत असतं. ताबा देण्याच्या दहा मिनिटं आधी ई-चलन शून्य असल्याचा स्क्रीनशॉट दोघांनी काढला. फास्टॅग आदल्या दिवशी बँकेकडून बंद करून घेतला आणि काचेवरून खरवडून काढला. तो टॅग आपल्या नावावर असतो, आणि टोल आपल्या खात्यातून जातो.

विम्यात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मालकाचा, गाडीचा नव्हे. मी कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं, ते नव्या गाडीसाठी तीन वर्षं चालतं. घेणाऱ्याला पॉलिसी नावावर करताना बोनसचा फरक भरावा लागतो, हे त्यांना सौद्याच्या वेळीच सांगितलं होतं. त्यांनी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

ताबा दिल्यानंतर : सगळ्यात जास्त काळजीचे दिवस

गाडी गेली, पैसे आले, तरी आरटीओच्या नोंदीत मालक मीच होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की गाडी विकून झाली असली तरी नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. हे वाचल्यापासून झोप नीट लागत नव्हती. फॉर्म २९ची सही केलेली प्रत ताबा पावतीसह मी २४ तारखेला आरटीओला स्पीड पोस्टने पाठवली आणि पावती जपून ठेवली. डीलरला विकणाऱ्यांसाठी एप्रिल २०२३ पासून वेगळी सोय आहे. अधिकृत डीलर असेल तर फॉर्म २९-सीने गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची पोर्टलवर नोंद होते. ती झाल्याशिवाय डीलरकडे किल्ली देऊ नका.

घेणाऱ्यांनी २६ तारखेला ऑनलाइन अर्ज केला. मोटारीच्या हस्तांतराचं शुल्क ३०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० आणि टपालखर्च, हे त्यांनी भरलं. ओटीपी माझ्या फोनवर आला. त्यांनी फोन करून अर्ज क्रमांक सांगितला, मी संदेशातला क्रमांक जुळवला आणि मगच आकडे वाचून दाखवले. बंद पडलेला जुना नंबर नोंदीवर राहिला असता तर इथे सगळं अडलं असतं.

मग थांबणं. दर दोन-तीन दिवसांनी स्थिती बघत होतो. दसऱ्याच्या सुट्ट्यांत काहीच हललं नाही. एकदा चासी प्रिंट अस्पष्ट म्हणून अर्ज परत आला, जास्तीची प्रत चिकटवून पुन्हा अपलोड केली. १३ ऑक्टोबरला पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला तेव्हा मालक क्रमांक दोन दिसला, आणि अर्ध्या झाकलेल्या नावाची अक्षरं माझी नव्हती. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ताबा पावती, स्पीड पोस्टची पावती आणि फॉर्म २९च्या प्रतीसोबत ठेवला, जाहिरात काढून टाकली, आणि फोनमधले आरसीचे सगळे फोटो पुसले.